मागे तार नसलेलं बटण

एप्रिलात मॅलकी गिलरॉयच्या छपरावर चौदा पॅनल चढवले,
तोंड दक्षिणेला, जशी ऊन मागणारी म्हातारी माणसं बसतात.
आणि जिना संपतो तिथल्या कपाटात,
जिथे तांब्याची टाकी हिरवं जाकीट घालून उभी असते
आणि चादरी, अभ्रे, आतले बनियन ऊब खात पडलेले असतात,
तिथे एक पेटी लावली. वहीएवढी. एक हिरवा दिवा.

समजावलं त्याला :
घराचं भागवून जी वीज उरेल
ती ही पेटी परक्या दारी जाऊ देत नाही,
टाकीतल्या कांडीकडे वळवते.
किटली लावली की हात आखडता घेते,
किटली उतरली की पुन्हा सैल सोडते.
ढग आला, थोडं. ढग गेला, जास्त.
"आणि मी काय करायचं?"
काहीच नाही.
हे उत्तर त्याला आवडलं नाही.

तिसऱ्या दिवशी फोन.
"डर्व्हला, लगेच ये. इमर्शन चालू आहे."

गेले. चालूच होतं. चालू असायलाच हवं होतं.

पण लायट्रिममध्ये वाढलेल्या माणसाला
हे तीन शब्द कसे ऐकू येतात, ते बाहेरच्याला सांगावं लागतं.
आमच्याकडे लग्नाला निघालेल्या गाड्या
अर्ध्या वाटेवरून माघारी फिरल्यात,
इमर्शन बंद केलं की नाही, एवढ्यासाठी.
बटणावर दोन शब्द असत, सिंक आणि बाथ,
आणि 'बाथ'कडे बोट न्यायचं
तर बाप तीन गावं दूर असावा लागे.
शनिवारी रात्री एका पाण्यात पाच पोरं.
मी चौथी उतरायची.
पाणी तोवर चहाच्या रंगाचं, आणि चहाहून गार.

जूनमध्ये दुसऱ्यांदा बोलावलं.
साडेनऊ वाजलेले, उजेड अजून शेतात रेंगाळत,
आणि हा मोजे घालून जिन्यात बसलेला,
कपाटाचं दार सताड उघडं,
व्यायला टेकलेल्या गायीकडे बघावं
तसा त्या दिव्याकडे बघत.

"फुकट आहे," मी म्हटलं.
"फुकट काही नसतं," तो म्हणाला. "नंतर येतं कुणीतरी मागायला."
मग बराच वेळ काही नाही.
मग : "अट्रॅक्टा विचारायची ना, अंथरुणातून."

चव्वेचाळीस वर्षं, रोज रात्री :
बंद केलंस का?
आणि हा उठून यायचा, थंडगार जिन्यावरून,
बंद असलेलंच पुन्हा बंद करायला.
टक्.
मग दोघं झोपायची.

माझ्या व्हॅनमध्ये एक बिस्किटांचा डबा असतो,
पाडलेल्या घरांतून निघालेल्या वस्तूंचा.
त्यातलं एक जुनं बटण काढलं, लाल टोकाचं,
'बाथ'मधला थ अर्धा पुसलेला,
आणि पेटीशेजारी भिंतीत बसवलं.
दोन स्क्रू. मागे तार नाही. मागे नुसता चुना.

"झोपताना हे बंद करायचं," मी म्हटलं.
परवाना आहे माझ्याकडे, दर पाच वर्षांनी परीक्षा होते,
तिथे असलं काही विचारत नाहीत.
बिलात लिहिलं नाही. लिहिणार तरी काय?

फोन थांबले.

सप्टेंबरात पॅनल तपासायला गेले तेव्हा
त्यानं हॅमचं सँडविच पुढे सरकवलं, कडा कापून.
"ते बटण," म्हणाला.
"हं."
"त्याच्यामागे काही नाही."
"नाही."
"पहिल्याच रात्री लोण्याच्या सुरीनं उघडून बघितलं."
"मग?"
त्यानं माझ्या कपात चहा ओतला, मग स्वतःच्या.
"मग काय. करतो बंद रोज."

हात धुवायला वर गेले.
मंगळवार, दुपारचे तीन.
आरशावर वाफ होती अजून,
आणि टबाच्या काठावर
गुरांच्या बाजाराचं पत्रक, उपडं,
पाण्यानं फुगून
दुप्पट जाड झालेलं.